जावईबापूंची आंबेतपासणी

लॅबमधली गोष्ट लॅबच्या बाहेर जाता कामा नये, असा आमच्या साहेबांचा नियम आहे. नियम रिपोर्टांसाठी आहे, कळतं मला! पण त्या नादात बाकीचे किस्सेसुद्धा आतल्या आत साठत गेले. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा आज ऐकूनच घ्या. रिपोर्ट कोणाचा काय आला ते विचारायचं नाही. शेवटी एकाचा सांगणार आहे, पण तो सगळ्या देवगडला माहीत आहे.

आमचं ऑफिस बंदराच्या रस्त्याला. हापूस परदेशी पाठवायचा, तर फवारणीच्या औषधाचा अंश त्यात किती उरलाय ते तपासावं लागतं. आधी आम्ही नुसते आंबे गोळा करायचो आणि पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवायचो. मग पुण्याहून यंत्र आलं. यंत्र म्हणजे काचेच्या खोलीत अख्खी लाइनच. आंबा कापून, वाटून दिला की पुढे माणसाचं काम नाही. एक यांत्रिक हात येतो, वाटीतला गर मोजून नळीत भरतो, रसायन घालतो, हलवतो, गाळतो आणि पुढच्या यंत्रात ठेवतो. रिपोर्टही आपला आपण छापून बाहेर!

पण पुण्याची अट होती. एक सीझन ट्रायल. बागायतदार आले तर यंत्र इथे, नाही तर यंत्र परत पुण्याला, ऑफिस बंद आणि आमची बदली. बदली म्हणे! माझ्या नवऱ्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान, सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं, मुलगी आठवीत. मी पुण्याला कुठली जाते? नोकरी सोडायची, एवढाच त्याचा अर्थ. आणि मला ही नोकरी फार आवडते हो. लग्नानंतर बारा ठिकाणी अर्ज करून मिळाली होती.

बागायतदार मात्र काचेला नाक लावून बघायचे आणि परत जायचे. "माणूस चुकता, मगे ह्या डबड्याचो काय भरवसो?"

* * *

यंत्र सुरू करायच्या दिवशी पुण्याचा इंजिनिअर आला होता. डोक्याला टोपी, हातात मोजे, तोंडाला मास्क. "कोणी हात लावायचा नाही. आत धूळ नको, पाणी नको, काहीही नको."

आमचे गुंडूकाका आंबे कापायच्या कामाला आहेत. आयुष्य कॅनिंगच्या कारखान्यात गेलं, रिटायर झाल्यावर आमच्याकडे आले. ते नारळ घेऊन उभे. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय सुरू करूचा नाय."

इंजिनिअर म्हणाला, नारळ आत फुटणार नाही. काका म्हणाले, नारळाशिवाय बटन दाबायचं नाही. साहेब पुण्याचे, मधल्यामध्ये घामाघूम. शेवटी मी तोड काढली. नारळ काचेच्या बाहेर, यंत्र काचेच्या आत, देवाला काचेतून दिसतंच की!

काकांनी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जा काय यंत्र मांडल्यानी हा, तेका कोणाची नजर लागू देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"हेचो हात कधी वाकडो पडू देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी इंजिनिअरसुद्धा ओरडला. मास्कमधून.

"आणि हेची लाइट कधी जाव देव नको रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडलं आणि लाइट गेली!

इंजिनिअरने मास्क खाली केला आणि काकांना अगदी आदराने विचारलं, "इन्व्हर्टरसाठी वेगळं घालावं लागतं का?"

* * *

यांत्रिक हाताला कंपनीने काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. आमच्या तोंडी ते बसेना. पण आठवडाभरात त्याचा स्वभाव कळला. सगळं हातात आणून द्यायचं, वेळेवर द्यायचं, नळी जरा तिरकी दिसली की हा जागच्या जागी थांबणार आणि लाल दिवा लावून बसणार. कारण विचारलं तर सांगणार नाही. मी म्हटलं, हे तर जावई! तेव्हापासून जावईबापू.

नाव इतकं रुळलं की साहेबांच्याही तोंडात बसलं. एकदा पुण्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला, आज एकही रिपोर्ट का नाही म्हणून. आमचे साहेब घाईघाईत म्हणाले, "सर, जावईबापू सकाळपासून रुसलेत. आम्ही सगळे त्यांनाच समजावतोय."

मग मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले, "असं असेल तर तुम्ही दोन दिवस रजा घ्या. घर आधी."

साहेबांनी रजा घेतली का, विचारू नका. घेतली!

* * *

आमच्याकडे आपल्या पायांनी सँपल घेऊन आलेली पहिली व्यक्ती म्हणजे कुणकेश्वरकडच्या एक मावशी. नऊवारी, डोक्यावर टोपली. मी हरखलेच. चहा दिला, खुर्ची दिली, काचेसमोर बसवलं. आता ही बाई गावात जाऊन चांगलं सांगेल, एवढाच माझा हिशोब.

गुंडूकाकांनी आंबे कापले, कोय काढली आणि फोडी सालीसकट मिक्सरमध्ये टाकल्या. नियमच तसा आहे, औषध असलं तर सालीवरच जास्त असतं.

मावशी ताडकन उठल्या. "सालीसकट? गो बाय, तुमका रस काढूक येणा नाय?"

मी समजावलं. साहेबांनी समजावलं. त्यांना काही पटेना. "येवढे शिकलास आणि आंबो असो वाटतास? सरा बाजूक, मी दाखवतंय."

बरं, जावईबापूंना गर लागतो चमचाभर. उरलेला पातेलंभर गर बघून मावशींनी विचारलं, "आणि ह्या सगळ्याचा काय करतलास?"

"टाकून देणार," साहेब म्हणाले. कशाला खरं बोलायला गेले, देव जाणे!

मावशी टोपली उचलून निघून गेल्या. माझं तोंड उतरलं. गेली, म्हटलं, हीपण गेली, आता सगळ्या गावाला सांगणार. तासाभराने दारात पुन्हा टोपली. टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या गरम गरम पुऱ्या, आणि साल न लावता काढलेला भांडंभर रस!

"खावा आधी," म्हणाल्या. "आणि रस म्हंजे काय, ता त्या तुमच्या काचेतल्या मेल्याक पण दाखवा."

* * *

एप्रिलमध्ये मुंग्या झाल्या. आंबा म्हटल्यावर मुंग्या येणारच, त्यांना काय सांगायचं? पण जावईबापूंच्या काट्यावर एखादी जरी चढली तरी वजन हलायचं आणि ते लाल दिवा लावून मोकळे. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर इंजिनिअर सेटिंग बदलायला सांगायचा. इकडे बदल, तिकडे बदल, मुंग्या आपल्या सेटिंगवर ठाम.

गुंडूकाकांनी बाजारातून मुंग्यांचा खडू आणला आणि यंत्राच्या टेबलाभोवती जाड पांढरी रेघ ओढली. मुंग्या बंद!

नेमके त्याच आठवड्यात पुण्याहून तपासनीस आले. आमचं यंत्र ठेवायचं की उचलायचं, यात त्यांच्या मताला वजन होतं. कडक माणूस. बूट काढून आत आले, चष्मा पुसला आणि थेट रेघेवर बोट ठेवलं. "हे काय?"

साहेबांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "सर, सेफ्टी झोन. याच्या आत विनापरवाना कोणीही येत नाही."

तपासनीस खाली वाकले, रेघ बघितली, मान हलवली. "उत्तम! आणि पाळतात सगळे?"

"सगळे," गुंडूकाका म्हणाले. "येकसुद्धा येणा नाय."

पुण्याच्या ऑफिसातही आता तशी रेघ आहे म्हणतात. तिथे पिवळ्या पट्टीची.

* * *

रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं काम. एक गृहस्थ रिपोर्ट घेऊन पुन्हा आले, चेहरा रागाने लाल. अहवाल चार पानांचा. एकेक औषधाचं नाव आणि त्यापुढे 'आढळले नाही'. पुढचं नाव, 'आढळले नाही'. चारही पानं तीच.

"ह्या काय?" म्हणाले.

"काका, आनंदाची गोष्ट आहे! तुमच्या आंब्यात काही सापडलं नाही."

"येवढ्या मोठ्या यंत्राक?"

"होय."

त्यांनी काचेतून जावईबापूंकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "माझी म्हस हरवली तेव्हा चौकीवर सुद्धा येकदाच लिवल्यानी होता, सापडूक नाय म्हणान. हेना तर चार पानां भरल्यान!"

* * *

आता शेवटचा.

सीझन संपत आला तरी सँपल जेमतेम येत होती. शनिवारी साहेबांनी पुण्याला आकडा कळवायचा होता आणि आकडा कमीच होता. मी घरी कोणाशी धड बोलत नव्हते.

आमच्या भागात तात्या घाडींचा शब्द चालतो. ते जिथे जातील तिथे बाकीचे बागायतदार जातात. आणि तात्या आमच्याकडे फिरकले नव्हते. त्यांच्या बागेला लागूनच त्यांच्या चुलत भावाची, बापूंची बाग, मध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. गडगा कोणी सरकवला यावरून दोघांचं भांडण, आणि तेव्हापासून अबोला. माझं लग्न होऊन मी देवगडात आले तेव्हाही होता. लग्नाकार्यात एका पंगतीला बसत नाहीत, एकाच्या गाडीला दुसरा वाट देत नाही.

त्या सोमवारी तात्यांनी सँपल पाठवलं. व्यापारी रिपोर्टाशिवाय माल उचलेना म्हणून. आंबे काय होते! पिवळेधमक, डाग म्हणून नाही. मी मनात देवाला नमस्कार केला.

आणि सँपल फेल! औषधाचा अंश मर्यादेच्या वर. साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मंगळवारी तात्या हजर, मागे वीस-पंचवीस बागायतदार. "मी यंदा फवारणीच करूक नाय! माझ्या बागेत बाटली गेली नाय! खोटा तुमचा यंत्र, उचला आणि न्हया पुण्याक!"

मागून सगळे "होय, होय". साहेबांचा चेहरा पांढरा. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मी म्हटलं, "तात्या, आमी तुमच्या बागेत येतांव. तुमच्या डोळ्यांसमोर झाडावरचे आंबे काढू आणि परत तपासू."

तर तात्या एकदम बावरले. "बागेत कित्याक? नको, नको."

त्यांच्या मागे काकी उभ्या होत्या, त्यांच्या मिसेस. त्यांनी कपाळावर हात मारला. "सांगा आता! गो बाय, आमच्या आंब्यांवर यंदा डाग पडले हत. चार लोकांत डागी आंबे कसे मांडूचे म्हणान हे फाटफटी, काळोखातच, गडग्यावरसून गेले आणि बापूच्या झाडाचे काढून हाडल्यानी!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! तात्या जमिनीकडे बघत उभे. गुंडूकाका तेव्हाच त्यांच्या बागेत गेले, डागी आंबे काढून आणले. गुरुवारी रिपोर्ट सगळ्यांच्या समोर बाहेर पडला. स्वच्छ. पास!

बागायतदारांची कुजबुज सुरू झाली, यंत्र खरं बोलतंय बहुतेक. एकदोघांनी खोकी काउंटरवर ठेवलीसुद्धा. माझ्या जिवात जीव येतो न येतो तोच दारात बापू! आपले आंबे फेल झाल्याची बातमी पोचली होती. हातात आमचाच रिपोर्ट. गेल्या आठवड्यात त्यांचं सँपल आमच्याकडेच पास झालं होतं!

"माझे आंबे तेव्हा पास आणि आता फेल? तीच झाडां, तोच मालक! ह्या यंत्र वाटेल ता सांगता!"

झालं. ठेवलेली खोकी माणसं परत उचलायला लागली. साहेब खुर्चीत बसले. मला मात्र रागच आला, खरं सांगते. या यंत्राला मी मुंग्यांपासून सांभाळलं होतं! मी काउंटरच्या बाहेर आले आणि बापूंसमोर उभी राहिले.

"बापू, देवाक स्मरून सांगा. तुम्ही सँपल दिलात ते आंबे खंयचे?"

बापू रिपोर्ट उलटासुलटा करून बघायला लागले.

"तुम्ही फवारणी केली होती?"

"केल्लंय."

"मगे पास कसे झाले?"

बापूंनी डोकं खाजवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली मान घालून बोट हळूच तात्यांच्या दिशेने केलं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "रे, ह्या यंत्राक फसवूचा नाय!" आणि खोकी धडाधड काउंटरवर यायला लागली. साहेब ओरडत होते, "एकेक! नंबर लावा, एकेक!" गुंडूकाकांना टोकन पुरेनात.

तात्या मात्र जागचे हलले नव्हते. ते सावकाश बापूंसमोर गेले. गर्दी बाजूला सरली. आता हाणतात, असंच आम्हाला वाटलं. तात्यांनी बापूंच्या हातातला रिपोर्ट काढून घेतला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वाच गो बाय."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आढळले नाही, आढळले नाही, आढळले नाही.

तात्यांनी रिपोर्टाची नीट घडी घातली, आपल्या खिशात ठेवली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाकडे बघून बोलले.

"बापू! म्हंजे माझे दोनदा पास!"