वैशालीबाईंची वीस मिनिटं

वैशालीबाईंना मी चारचौघांत एकदाच बोलले. तेवढं पुरलं.

मोहने गावातल्या शाळेत मी मुख्याध्यापिका. त्या पाचवीला गणित शिकवायच्या.
आवाज बारीक. मीटिंगमध्ये कधी तोंड उघडायच्या नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी मीच त्यांना ठाण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलेलं. दुसऱ्या कुणाला जायचं नव्हतं म्हणून.

परत आल्या त्या वेगळ्याच.
ऑफिसच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "बाई, शनिवारच्या मीटिंगमध्ये मला वीस मिनिटं द्याल? अपूर्णांक शिकवायची नवी पद्धत सगळ्यांना दाखवते."

मी हो म्हटलं.

शनिवारी त्यांनी प्रत्येकासाठी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून आणलेल्या. पहिल्याच वाक्याला अडखळल्या.

माझं लक्ष घड्याळाकडे. इन्स्पेक्शनच्या फाइली तशाच पडलेल्या.

मी म्हटलं, "वैशालीबाई, आधी तुमच्या वर्गाचा पोर्शन संपवा. कागद कापायला आम्हाला नंतर शिकवा."

सगळे हसले.
त्याही हसल्या. पट्ट्या गोळा करून पर्समध्ये भरल्या.

त्यानंतर कुठलंही ट्रेनिंग आलं की एकच उत्तर. "दुसऱ्या कुणाला पाठवा ना बाई. मला नाही जमायचं."

आणि दरवर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात मी लिहीत गेले: नवीन शिकण्याची आवड कमी.
खाली माझी सही.

दोन आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. हार्ट अटॅक. वय सत्तेचाळीस.

आंबिवलीला त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांचे मिस्टर सांगत होते, "त्या ट्रेनिंगनंतर तिने आठवडाभर आम्हाला समोर बसवून प्रॅक्टिस केलेली. मुलगी स्टाफ व्हायची, मी मोठ्या बाई. तुमच्यासारखं चष्म्यावरून बघत अवघड प्रश्न विचारायचो."

मग म्हणाले, "छान झालेलं ना तेव्हा? घरी येऊन म्हणाली, बाईंना खूप आवडलं."

मी म्हटलं, "हो. छान झालेलं."

तेव्हापासून राउंडला निघाले की पाचवीच्या वर्गासमोर पाय थांबतात. आत आता दुसऱ्या बाई शिकवतात.
मला मात्र वैशालीबाईंचं ते अर्धं राहिलेलं वाक्य ऐकू येतं.
पुढे काय म्हणणार होत्या, ते मला कधीच कळणार नाही.

काल मीटिंगमध्ये विचारलं, "कुणाला काही नवीन करून दाखवायचंय?"

चौदा जण. सगळे खाली टेबलाकडे बघत बसले.

हे त्यांना मीच शिकवलंय.

आज सकाळी मिस्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं.

ते म्हणाले, "तरीच. नंतर तिने आम्हाला कधी समोर बसवलंच नाही."

वैशालीबाई, माफ करा. फार उशिरा म्हणतेय.
तुम्हाला माझा अखेरचा नमस्कार.