काकांच्या कपड्यांना वास नव्हता

कापड म्हणजे काय हे अख्ख्या शांती नगरात एकाच माणसाला कळत होतं, ते म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आणि ज्या वासापायी त्यांनी आयुष्याची शेवटची दोन वर्षं व्यायामाचे कपडे शोधत दुकानं पालथी घातली, तो वास त्यांचा नव्हता. माझा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुळात मी फार बोलणारा माणूस नाही. पण पन्नाशी उलटली, आणि न बोलण्याचंही ओझं होतं हे आता कळायला लागलंय.

काकांनी दादरच्या एका कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं काउंटरमागे काढली होती. त्यामुळे त्यांची उजव्या हाताची चिमूट कायम कामावर असे. कुणी हात मिळवायला पुढे केला की काका हात मिळवायचे आणि जाता जाता बाही चाचपायचे. लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले की नवऱ्या मुलाच्या शेरवानीचा काठ चिमटीत धरून खाली येऊन सांगायचे, "पॉलिस्टर आहे. पण मुलगा चांगला वाटतो." आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी भर पूजेत विचारलं होतं, "हे सोवळं रेशीम म्हणून दिलं का हो तुम्हाला? फसवलं." गुरुजी पुढचे अध्याय जरा घाईतच संपवून गेले. बोटांत एवढी अक्कल असलेल्या या माणसाचं नाक मात्र एका तापात गेलं, ते परत आलंच नाही. मावशींची फोडणी जळून घरभर धूर झाला तरी काका शेजारी पेपर वाचत बसलेले असत. आंबलेली आमटी पिऊन "आज चिंच छान पडलीय" म्हणत.

आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये सकाळचा व्यायाम काकांनीच सुरू केला. काका धरून आम्ही आठ जण. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारा जावई, त्यामुळे मला पळवाट नव्हती. काका समोर उभे राहून आकडे म्हणायचे, मराठीतूनच, आणि बी विंगचे गुजराती शेठसुद्धा त्यांच्यामागे "सहा, सात, आठ" करत वाकायचे. कुणी अंगचोरी केली की काका थांबायचे: "शेठ, साडेसात झाले. आमच्या दुकानात मीटर पूर्ण द्यायचो, तुम्ही पण द्या." बाहत्तराव्या वर्षी त्या माणसाला सकाळी उठायला तो हॉल हे एकच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं.

एकदा बाहेर रंगकाम चालू होतं म्हणून हॉलच्या खिडक्या बंद होत्या. मी नेहमीचा निळा टी-शर्ट घातला होता, फुटपाथवर एकावर एक फुकट मिळालेला, चकचकीत. तो कितीही धुतला तरी अंग तापलं की त्याचा जुना घाम जागा व्हायचा. मला ते माहीत होतं. शेठ नाक मुरडून म्हणाले, "कुछ तो बास मार रहा है यार." सगळे थांबले. काका माझ्या शेजारीच उभे होते. आणि मी काकांपासून एक पाऊल बाजूला सरकलो. बोललो काहीच नाही. फक्त एक पाऊल. सगळ्यांनी ते पाहिलं, काकांनीही. त्यांनी स्वतःची बाही नाकाला लावली, मग कसनुसं हसून म्हणाले, "मला कळत नाही हो. माझा येतोय का?" कुणी उत्तर दिलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याला अशा वेळी उत्तर न देणं म्हणजेच उत्तर.

त्या दिवसापासून काका वास न धरणाऱ्या कपड्याच्या मागे लागले. केबिन रोडवरच्या दुकानांत ते मला सोबत न्यायचे, कारण बोटं त्यांची आणि नाक माझं. एकदा काकांनी विचारलं, "भाईसाब, ये पहनके आदमी कसरत करेगा, तो शाम को घरवाले पास बैठेंगे क्या?" दुकानदार म्हणाला, "अंकल, घर का मामला मैं कैसे बताऊं?" काकांनी सुती घेतलं, बांबूचं घेतलं, धाग्याला चांदी लावलीय, वास धरत नाही, म्हणून दुप्पट भावाचं घेतलं. शेवटी कुणीतरी सांगितलं की लोकर घामाचा वास धरत नाही, तर भाईंदरच्या मे महिन्यात काका बारीक लोकरीचा बनियन घालून फिरू लागले. "जावईबापू, मेंढी कधी कपडे बदलते का? मग!" मेंढीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याइतका माझा अनुभव नव्हता.

प्रत्येक कपड्याची परीक्षा ठरलेली. घालून व्यायाम करायचा, घामेजलेला तसाच पापडाच्या स्टीलच्या डब्यात कोंबायचा, झाकण घट्ट. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी डबा घेऊन काका माझ्या दारात. "उघडा. आणि खरं सांगा, सासरचा माणूस म्हणून भीड धरू नका." मी झाकण उघडून नाक आत घालायचो. आत पापडखाराचा वास असायचा, थोडा हिंगाचा. बस्स. "नाही येत" म्हटलं असतं, तर काका तोच कपडा घालून निर्धास्त हॉलमध्ये आले असते, वास तरीही आला असता, आणि मग तो कुणाचा हा प्रश्न उरला असता. मी म्हणायचो, "थोडा येतोय, काका." काका मान हलवून डबा बंद करायचे. असे नऊ-दहा डबे झाले.

मग त्यांनी हॉलमध्ये येणं सोडलं. त्याच आठवड्यात मी तो निळा टी-शर्ट टाकून दिला आणि सुती वापरायला लागलो. शेठ खोल श्वास घेऊन म्हणाले, "अब देखो, कितना फ्रेश लगता है." बाकीच्या पाचही जणांनी माना डोलावल्या. मीही.

काका बाल्कनीत एकटे व्यायाम करायचे. खालून हळू आवाजात आकडे ऐकू यायचे. एकदा मावशींनी मला घरी बोलावून चहा पुढे ठेवला. "जावईबापू, पंचेचाळीस वर्षं यांचे कपडे मी धुतेय. मला नाक आहे. यांच्या कपड्याला वास नाही. मी सांगितलं तर म्हणतात, तू बायको, तू काय सांगणार, जावईबापू खोटं बोलायचे नाहीत. तुम्ही एकदा सांगा ना त्यांना." हे म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या कपाकडे पाहत होत्या. त्यांना काय माहीत होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. पण जावयाला "तुमचाच येतो" असं आपल्याकडे कुठल्या मावशीने कधी म्हटलंय? मी म्हटलं, "सांगतो." चहा संपवून वर आलो. नाही सांगितलं.

काका एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भेटायला हॉलमधले सगळे आले. शेठना मनापासून वाईट वाटलं होतं, डोळे पुसत ते म्हणाले, "आदमी लाखों में एक था. बस, वो एक बात छोड़के." मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी शेठकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी उठून पंखा वाढवला.

याला आता आठ महिने झाले. मावशी अजूनही सणावाराला मला पहिलं ताट वाढतात. काकांचं काही फेडणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. मावशींचं आहे. त्यांच्यासमोर आणि त्या सहा जणांसमोर उभं राहून, वास माझा होता, एवढं मोठ्याने म्हणायचं. ते मी अजून म्हटलेलं नाही.