घोडेवाल्याची दोरी

“अबे दोरी दिसून राहिली बे, दोरी!”

थर्ड क्लासमधून कोणीतरी ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं. पडद्यावर नायक उडत्या घोड्याच्या पायाला दोरीने लटकलेला, खाली आगीची दरी, समोर दहा हातांचा राक्षस. निर्मात्याने म्हणे या एका सीनसाठी अख्खं वर्ष घालवलं होतं. आणि आमचं नागपूरचं पब्लिक पोट धरून हसत होतं. मी बाल्कनीच्या दारात उभा होतो. पुढच्या खुर्चीत आमचे मालक बापूसाहेब बसले होते. त्यांचं सुपारी चघळणं थांबलं. बापूसाहेबांची सुपारी थांबली की कोणाची तरी धडगत नाही, हे थिएटरात सगळ्यांना माहीत होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरातल्या एका सिनेमा थिएटरचा म्यानेजर होतो. वय बत्तीस, घरी तान्ही मुलगी, आणि आपल्याला धंदा कळतो अशी पक्की समजूत. जादूचे, राक्षसांचे, उडत्या गालिच्यांचे सिनेमे आमच्याकडे फार चालत. पब्लिक त्यांची नावं लक्षात ठेवत नसे. खिडकीवर येऊन म्हणायचे, “शिंगवाल्याची दोन द्या.” आदल्या वर्षी तो शिंगवाला अकरा आठवडे चालला होता. त्यातल्या राक्षसाचं शिंग मारामारीत सरळ सरळ हलायचं. गालिच्याच्या तारा आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. तरी लोक रडले, टाळ्या वाजवल्या, पुन्हा आले. आणि हा घोडेवाला, एवढा पैसा ओतलेला, मद्रासचे कारागीर, परदेशातून आणलेला कॅमेरा, शुक्रवारी लागला आणि मंगळवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मंगळवारचा तो दुपारचा खेळ सुटल्यावर बापूसाहेबांनी ऑपरेटरला खाली बोलावलं.

ऑपरेटर म्हणजे मशीनवर सिनेमा दाखवणारा माणूस. आमचे सुखदेवराव बावीस वर्षं तिथे होते. तेव्हा मशीनमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या आणि त्यांच्या उजेडात चित्र पडद्यावर जायचं. कांड्या जळून मागे सरकतात, त्या हाताने सतत पुढे सरकवाव्या लागतात. सुखदेवरावांचा उजेड कधी कमी-जास्त झाला नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जायचे तेवढीच त्यांची सुट्टी.

“सुखदेव,” बापूसाहेब म्हणाले, “उजेड किती ठेवला होता तू? दोरी दिसून राहिली ना. त्यांनी एवढी ट्रिक केली अन् तू तिचा तमाशा केला! लोक हसून राहिले माझ्या थिएटरात!”

सुखदेवराव शांतपणे म्हणाले, “मालक, ते दोरी दिसालेच पाहिजे.”

“काहून?”

सुखदेवरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. “काही नाही मालक. चुकलं असंल.”

“डोळे गेले तुझे आता. शुक्रवारपासून कामठीचा नवा माणूस येते. तू आराम कर.”

झालं. बावीस वर्षं दोन वाक्यांत संपली. सुखदेवराव वर निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो, मूग गिळून. ती नजर कशाची होती ते मला बरोबर कळलं होतं.

आता खरं सांगतो. आमचे खेळ बारा, तीन, सहा आणि नऊचे. म्हणजे एका खेळाला जेमतेम तीन तास. त्यात सरकारी बातमीपट दाखवायचाच, मध्यंतर, झाडलोट. आणि घोडेवाला होता तीन तास दहा मिनिटांचा. बसणार कसा? असं झालं की काही थिएटरं कात्री लावायची. वितरकाला, म्हणजे सिनेमा भाड्याने देणाऱ्या कंपनीला, कळू द्यायचं नाही. तुकडे काढायचे, डब्यात जपून ठेवायचे आणि प्रिंट परत करताना पुन्हा चिकटवायचे. सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी ट्रायल पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रिळात नायक आणि त्याची आंधळी बहीण घरात बसून बोलतात, ती काहीतरी वळत असते, तो तिची वेणी घालतो. ना घोडा, ना राक्षस. मी घड्याळ पाहत बसलो होतो.

“सुखदेवराव, हे सगळं काढा,” मी म्हणालो. बातमीपटाच्या आधीच्या जाहिरातीही काढल्या, काम झालं.

ते म्हणाले होते, “साहेब, हे कायले कापता? यातच तं सिनेमा हाय.”

“लोक घोडा पाहायला येतात हो. बहीण घरोघरी आहे.”

मला माझ्याच हजरजबाबीपणाचं केवढं कौतुक वाटलं होतं त्या दिवशी! बापूसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते नेहमीप्रमाणे शुक्रवारी पहिल्या खेळाला आले, कापलेलाच सिनेमा त्यांनी पाहिला, आणि खुर्च्या रिकाम्या का म्हणून मंगळवारी पुन्हा येऊन बसले.

मंगळवारी संध्याकाळी मी लोखंडी जिना चढून वर गेलो. सुखदेवराव कांड्या बदलत होते.

“माझं नाव का नाही घेतलं?”

“घेऊन काय झालं असतं? तुमची नोकरी गेली असती. तुमची पोट्टी लहान हाय. माह्याकडे लायसन हाय, कुठंबी मशीन चालवीन.”

“या वयात कोण देतंय काम?”

त्यांनी नवी कांडी बसवली. त्यांनाही ते माहीत होतं.

बुधवारी सकाळी वितरकाचा प्रतिनिधी आला. मला वाटलं, शिव्या द्यायला आला असेल. तो वैतागून म्हणाला, “तुमच्या इथे काहून पडला जी हा पिक्चर? एक प्रिंट भिवापूरला तंबूत दिला आहे. तिथे पाय ठेवायला जागा नाही.”

मला ते खरं वाटेना. दुपारची एसटी धरली आणि भिवापूरला गेलो. मिरचीचा हंगाम होता, गावात पाऊल टाकताच दोन शिंका आल्या. दिवस मावळल्याबरोबर तंबूतला खेळ सुरू झाला. तंबूवाल्याकडे एकच मशीन. दर रिळानंतर दिवा लागायचा, तो रीळ बदलायचा, आणि तेवढ्यात लोक झालेल्या गोष्टीवर बोलून घ्यायचे. पडदा ठिगळाचा. उजेड इतका फिका की सुखदेवरावांनी पाहिला असता तर कपाळावर हात मारला असता. तिथे वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून काहीच कापलेलं नव्हतं.

मी मिरच्या खुडून आलेल्या बायकांच्या मागे जमिनीवर बसलो. आणि ती दोन रिळं पहिल्यांदा नीट पाहिली.

ती आंधळी पोरगी दोरी वळत असते. भाऊ दूर निघालाय, राक्षसाकडून तिचे डोळे आणायला. तिच्याकडे त्याला द्यायला दुसरं काही नाही. ती आपले थोडे केस कापून अंबाडीत मिसळते आणि वळते, आणि जिथे जिथे चुकते तिथे हाताने चाचपून पुन्हा उलगडते. भाऊ हसतो, म्हणतो, एवढ्या दोरीचं मी काय करू? ती म्हणते, असू दे.

मला मंगळवारचं हसणं आठवलं.

पुढे तो सीन आला. घोडा, आगीची दरी, लटकलेला नायक. फिक्या उजेडातही दोरी स्पष्ट दिसत होती. दिसायलाच हवी होती, ती लपवायची तार नव्हतीच! एकही माणूस हसला नाही. दोरीचा एक पेड तुटला तशी माझ्यापुढची म्हातारी शेजारणीला म्हणाली, “कोणं वळली ते, ध्यानात हाय ना वं?” आणि मग हात जोडून थेट दोरीलाच म्हणाली, “तुटू नको वं माय. तुटू नको.”

मला शरम वाटली. नुसती शरम नाही, रडू आलं. मिरचीचा खकाणा होता म्हणून कोणाला कळलं नाही.

रात्र तंबूवाल्याच्या खाटेवर काढली आणि गुरुवारी पहिल्या एसटीने परतलो. घरी न जाता बापूसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. कात्री कोणी लावायला सांगितली, सुखदेवराव काय म्हणाले होते, मंगळवारी मी गप्प का बसलो. वाटलं, आता आपली नोकरी गेली. घरी काय सांगायचं तेही एसटीत ठरवून ठेवलं होतं.

बापूसाहेबांचं सुपारी चघळणं थांबलं. मग अगदी दुखावलेल्या पोरासारखे म्हणाले, “म्हणजे तुम्ही मले अर्धवट सिनेमा दाखवला?”

मालक म्हणून नाही हो, पब्लिक म्हणून दुखावला होता तो माणूस.

“तुकडे कुठं हायेत?”

“सुखदेवरावांनी डब्यात ठेवलेत. चिठ्ठ्या लावून.”

“लावा. आत्ता लावा. मले एकट्याले दाखवा.”

सुखदेवरावांनी तासाभरात सगळे जोड चिकटवले. बाराचा खेळ रद्द केला. एवढ्या मोठ्या थिएटरात बापूसाहेब एकटे बसले, पंखे बंद, मी मागे भिंतीला टेकून. दोरीचा सीन आला तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. “अरे बाप्पा,” एवढंच ऐकू आलं.

सिनेमा संपला. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, बाल्कनीच्या पायऱ्यासुद्धा ते धरून धरून चढायचे. पण त्या दिवशी ते मशीनरूमचा उभा लोखंडी जिना चढून वर गेले. मी मागे होतो, पडले तर धरायला. दारात उभं राहून दम घेतला आणि म्हणाले, “सुखदेव, दोरी बराबर दिसली.”

सुखदेवराव मशीन पुसत होते. “हाव मालक,” म्हणाले आणि पुसतच राहिले.

कामठीच्या माणसाला नको म्हणून निरोप गेला. चारऐवजी तीन खेळ करायचे ठरले, म्हणजे सिनेमा पूर्ण बसला. मला बापूसाहेबांनी काढलं नाही. शिक्षा मात्र दिली, तीही सगळ्या स्टाफसमोर. “आजपासून कात्री सुखदेवकडे. म्यानेजरले रीळ कापायचं असंल, तं त्याले विचारून.”

घोडेवाला पाच आठवडे चालला. शिंगवाल्याचे अकरा त्याला गाठता आले नाहीत. पहिल्या आठवड्यात जे हसून गेले ते काही परत आले नाहीत, आणि त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. ते पाप माझं. कारागिरांचं वर्षभराचं काम मी अर्ध्या तासात हास्यास्पद करून टाकलं होतं.

त्यानंतर जादूचा कोणताही सिनेमा आला की प्रतिनिधी मला ट्रिकवर किती खर्च झाला ते सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि ट्रायल संपली की सुखदेवरावांना विचारायचो. ते निवृत्त व्हायच्या वर्षी असाच एक प्रचंड सिनेमा आला. सात डोक्यांचा नाग, त्याला मारायला निघालेला राजा, सोन्याचं शहर, समुद्र दुभंगतो, काय विचारू नका. माझे डोळे दिपले.

“काय सुखदेवराव, किती चालेल?”

त्यांनी चष्मा पुसला. “नाग झकास हाय साहेब. पण त्या राजाची घरी वाट पाहणारं कोणीच नाही. एक आठवडा.”

सिनेमा सहाव्या दिवशी उतरला. एका दिवसाने अंदाज चुकला म्हणून सुखदेवराव बरेच दिवस खट्टू होते.