कुठेही न शिकलेली मुलगी

टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा बघताना मला गप्प बसता येत नाही. एखाद्याने वरचा सा ओढूनताणून लावला की माझ्या तोंडून "अरे, खाली आहे तो!" निघतंच. पडद्यावरचे परीक्षक नेमके त्याच सुराला उभे राहून टाळ्या वाजवतात. मग माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "तुला बघायला लावतंय कोण? रिमोट घे आणि बंद कर." पण बंद करवत नाही. उभा जन्म मुलींना गाणं शिकवण्यात गेला. समोर कोणी गात असताना उठून भाजी निवडायला जाणं मला जमत नाही.

पंचवटीत आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत माझा क्लास आहे. बाहेर पाटी नाही. ज्यांना माहीत आहे ते येतात. सतरंजी, पेटी, आणि तानपुऱ्याच्या जागी आता वाजणारा एक डबा, एवढाच पसारा. माझ्या गुरूंचं नाव निघालं की माझा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. त्यांचाही त्यांच्या गुरूंच्या नावाने जायचा. गाणाऱ्यांत ही रीतच आहे, गुरूचं नाव कान धरल्याशिवाय घ्यायचं नाही. मुलींना मी हे कधी शिकवलं नाही, पण बघून बघून त्यांनी ते उचललं आणि त्यात स्वतःची भर घातली. गायला सुरुवात करायच्या आधी पाळीला बोट लावायचं, मनातल्या मनात "ताई" म्हणायचं, मग सूर लावायचा. लहान पोरी तर वर्गात शिक्षा झाल्यासारखा कान घट्ट धरतात. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

ती मुलगी दुसरीत असताना माझ्याकडे आली. वडिलांचं नाशकातच द्वारका चौकात टायरचं दुकान, घरात गाण्याचा गंध नाही. आई तिला घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, ही दिवसभर गुणगुणत असते, काय करू हिचं?" मी तिला काहीतरी म्हणायला सांगितलं. दोन ओळी झाल्या आणि मी पेटीवरचा हात काढून घेतला. त्या आवाजाला पेटीची गरजच नव्हती.

दोष एकच होता. वर जाताना तिची हनुवटी उचलली जायची आणि गळा आवळायचा. त्या एका दोषाशी आम्ही दोघी ती कॉलेजात जाईपर्यंत झटलो. मी तिच्या हनुवटीखाली बोट धरून तिला गायला लावायची. ती चिडायची, रडायची, घरी जाते म्हणायची आणि जायची नाही. शाळेतून परस्पर यायची, माझ्याकडेच जेवायची. आमच्या मांडणीत तिचा स्वतःचा पेला होता. दुसऱ्या कोणी त्यात पाणी घेतलं की भांडण व्हायचं.

टीव्हीवरच्या त्या स्पर्धेची ऑडिशन नाशिकलाच झाली, एका मंगल कार्यालयात. तिची निवड झाली. आई पेढे घेऊन आली, ती नाचतच आली, मीसुद्धा नाचायची बाकी होते.

आठवडाभराने आई पुन्हा आली. या वेळी एकटी. खुर्चीच्या कडेवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ताई, एक सांगायचं होतं. चॅनलची एक मुलगी घरी येऊन गेली. स्टोरी लिहिते ती."

"कसली स्टोरी?"

"हिची. म्हणजे प्रत्येकाचीच असते. ती म्हणाली, लहानपणापासून क्लासला जाते यात काही वेगळं नाही, सगळेच जातात. कुठेही न शिकता गाते असं असलं की लोकांना भिडतं म्हणे."

"पण शिकली आहे की ती."

"हो ना! तेच म्हटलं मी. तर म्हणाली, मग नाशिकची अजून एक मुलगी आहे आमच्याकडे. तिची स्टोरी छान आहे." तिने ओढणीचं टोक सोडलं. "ताई, कोणी पेपरवाला वगैरे आला विचारायला, तर तेवढं... फायनल होईपर्यंत."

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. पंचवटीत निम्म्या लोकांना ठाऊक होतं ती माझ्याकडे शिकते ते. मी एक शब्द बोलले असते तर गोष्ट फुटली असती, आणि गोष्टीबरोबर मुलगीही बाहेर. मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकावा ही हाव तिच्या आईपेक्षा मलाच जास्त होती.

"ती कुठे आहे?" मी विचारलं.

"खाली गाडीत बसलीये. वर यायला लाजते."

मी खिडकीपाशी गेले नाही. चहा टाकला.

स्टोरीचं शूटिंग त्यांच्या गावाकडे झालं, नामपूरजवळ, काकांच्या मळ्यात. तिला कांद्याच्या चाळीपुढे ढिगात बसवलं, अंगावर काकूची जुनी साडी, आणि कांदा निवडता निवडता गुणगुणायला सांगितलं. नाशकात वाढलेली ती पोर, कांदा चिरायलासुद्धा नाक मुरडायची. काकू कॅमेऱ्यामागून हसत म्हणाली म्हणे, "इले काय येस कांदामा?" हिला कांद्यातलं काय येतंय, असं. तिच्या आईने हे मला फोनवर सांगितलं आणि स्वतःच पोट धरून हसली. मीही हसले. तोवर ते हसण्यासारखंच वाटत होतं.

पहिला भाग बघायला क्लासच्या मुली आणि त्यांच्या आया माझ्याच खोलीत जमल्या. आधी ती गोष्ट लागली. कांद्याचा ढीग, उदास व्हायोलिन, आणि भरल्या गळ्याचा निवेदक: हिला ना गुरू मिळाला, ना पेटी, मोबाइलवर ऐकून ऐकून हिने सूर गोळा केले. एक छोटी पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आपण हिच्याबरोबर भूप म्हटला होता ना? मग ही कुठेच शिकली नाही असं का म्हणतात?" तिच्या आईने तिला चिमटा काढला. मी म्हटलं, "गप्प बस, गाणं ऐक."

ती स्टेजवर आली. सवयीने तिचा हात कानाच्या पाळीला गेला, आणि ती गायली. चांगली गायली. मी कशाला खोटं बोलू? त्या दिवशी मी परीक्षक असते तर मीही उभी राहिले असते. हनुवटी जागेवर होती. माझं बोट तिथे नसताना पहिल्यांदाच.

परीक्षकांच्या अंगावर काटा येणं, इतके दिवस कुठे होतीस विचारणं, सगळं यथासांग झालं. मग त्यांच्यातला ज्येष्ठ होता त्याने हसून विचारलं, "गाण्याआधी कान का धरलास गं? हे तर शिकलेल्या लोकांचं असतं."

तिचा हात पुन्हा कानापाशी गेला. मग ती गोड हसली आणि म्हणाली, "सर, कानातले आईचे आहेत. पडतील अशी भीती वाटते."

सगळा स्टुडिओ हसला. त्या परीक्षकाला ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक भागात तिला कानातल्यांवरून चिडवायची प्रथाच पडली. जाहिरातीत तेच दाखवायचे. शाळेतल्या मुली तिची नक्कल करत कानातले चाचपायला लागल्या. आणि माझ्या गुरूंचं नाव घेताना माझा हात कितीतरी दिवस अर्ध्यावरच थांबत राहिला. राग तिच्यावर होता, शिक्षा मला होत होती.

द्वारकेला फ्लेक्स लागले. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि तिचा त्यांच्यामध्ये कुठेतरी. मतं मागणारा मेसेज तिच्या आईने आमच्या क्लासच्या ग्रुपवर टाकला: 'कुठेही न शिकता इथवर पोहोचलेल्या आपल्या नाशिकच्या लेकीला भरभरून मतं द्या.' मी तो मेसेज चांदवडच्या बहिणीला पाठवला, भाच्यांना पाठवला, नवऱ्याच्या बँकेतल्या सगळ्या जुन्या मित्रांना पाठवला. नवरा म्हणाला, "वाचलास तरी का तू तो?" वाचला होता.

पुढे पुढे तिला एकापेक्षा एक चढी गाणी मिळायला लागली. वरच्या सुरांना टाळ्या जास्त पडतात ना. तीन-चार भागांतच हनुवटी पुन्हा वर गेली. गळा आवळलेला मला वाद्यांच्या गोंगाटातही ऐकू येत होता. मी तिच्या आईला फोन केला.

"तिला म्हणावं, पट्टी अर्ध्या सुराने उतरवून घे. गळा जाईल अशाने."

"ताई, फोन काढून घेतात हो मुलांचे. आणि तिथे ग्रूमिंगचे सर आहेत ना."

"त्या सरांना तिची हनुवटी दिसत नाही का?"

"दिसते की. ते म्हणतात, कॅमेऱ्यात छान दिसते."

मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर उगाचच खेकसले.

फायनलच्या थोडं आधी ती बाहेर पडली. वरच्या सुरावर आवाज चिरला आणि दुसऱ्यांदा घेतला तरी चिरलाच. तोच ज्येष्ठ परीक्षक माईक हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "बाळा, तू हिरा आहेस, पण तुला पैलू पाडणारं कोणी भेटलं नाही. हा जो वर जाताना गळा आवळतो ना तुझा, लहानपणी एखाद्या जाणत्याच्या हाताखाली गेली असतीस तर हे राहिलंच नसतं."

मग त्याने स्टेजवर धागा मागवला. मागवला म्हणजे तबकात तयारच होता. तिच्या मनगटाला तो बांधला आणि जाहीर केलं, "आजपासून मी तुझा पहिला गुरू." ती वाकली. प्रेक्षकांत बसलेली तिची आई ओढणीने डोळे पुसत होती. पुन्हा तेच व्हायोलिन.

मुलींच्या आया दारात जाऊन चपला शोधायला लागल्या.

"आता तरी बोल," नवरा म्हणाला. तो इतका चिडलेला मी क्वचित पाहिला आहे. पण आता बोलून काय होणार होतं? मुलगी प्रसिद्ध झाली तशी ही बाई पुढे आली, असंच म्हटलं असतं लोकांनी. बोलायची वेळ होती तेव्हा मी चहा टाकत होते.

त्यानंतरच्या महिन्यात क्लासमधल्या काही मुली कमी झाल्या. एक आई तर तोंडावरच म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हिला आता घरीच मोबाइलवर ऐकून गाऊ देते. ती मुलगी बघा ना, कुठे गेली होती शिकायला? गॉड गिफ्ट असलं की येतंच." ही बाई नवी होती, तिला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

गुरुपौर्णिमेला सकाळी उरलेल्या मुली नारळ आणि फुलं घेऊन आल्या, गायल्या, शिरा खाऊन गेल्या. फोनवर तिचा फोटो आधीच फिरत होता, नव्या गुरूच्या पायाशी बसलेला. दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर ती. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा उतरलेला. वाळली होती.

ती पाया पडायला वाकली. मी मागे सरकले.

"आज शिष्य येतात माझ्याकडे," मी म्हटलं. "तू कुठे शिकलीस?"

"ताई, असं नका ना बोलू."

"बोलणार. सगळ्या जगाला सांगितलंस, आता मला सांग. कुठे शिकलीस?"

तिचे डोळे भरून आले. "इथे."

"ऐकू नाही आलं."

"इथे, ताई. तुमच्याकडे. मी रोज सांगणार होते, रोज. पण अजून वर्षभर करार आहे त्यांचा. आणि नवे सर म्हणतात, आधीचं जे काही असेल ते विसर, आपण सा पासून सुरू करू. ताई, मला गाताच येत नाहीये आता."

माझा राग तिथेच निम्मा झाला. बाकीचाही गेला असता. तिला आत घ्यावं, समोर बसवावं, हनुवटीखाली बोट धरावं आणि सा लावायला सांगावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी दारातून बाजूलासुद्धा झाले होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या पाहुण्या मुली जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी तिला ओळखलं. "अय्या, तुम्ही त्याच ना? कानातलेवाल्या?" तिने पटकन डोळे पुसले आणि हसली. अगदी टीव्हीवर हसायची तशी. त्यांनी तिला मध्ये घेऊन फोटो काढले.

"तुम्ही इथेच राहता का?" एकीने विचारलं.

"नाही नाही," ती म्हणाली. "आईची मैत्रीण राहते इथे. तिच्याकडे आले होते."

मुली खिदळत खाली गेल्या. ती वळली. मला वाटतं आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं, कारण तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

मी तिच्या हातातून पेढ्यांचा पुडा घेतला. "आईला म्हणावं, बऱ्याच दिवसांत आली नाहीस, ये एकदा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.