सासूबाईंचा घरघरता आवाज

साठीच्या आतली मी आज कुठे भेटले, तर मी त्या बाईला ओळख दाखवणार नाही. घरात कॉम्प्युटर होता, म्हणून तिला जगातलं सगळं कळतं असा तिचा समज होता. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा जुना डेस्कटॉप इथे वटारच्या घरी राहिला आणि मी त्याच्या मॉनिटरला क्रोशाचं झाकण विणलं. सीपीयूच्या डब्याला वेगळं, कीबोर्डला वेगळं. माउसला टोपी घालायची राहिली, कारण सूत संपलं.

त्या डब्यात सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचा आवाज. आमचे हे असताना त्यांनी हौसेने आईची लग्नातली गाणी टेपवर भरून घेतली होती. हळदीची, मांडवाची, मुलगी सासरी निघते तेव्हाची, सगळी आमच्या घरच्या बोलीतली. सासूबाई गेल्या, पुढे हेही गेले. मुलाने ती गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवली आणि म्हणाला, आता कॅसेटी टाकल्यास तरी चालतील. टाकेन ती मी कसली. मी कॅसेटी फोडल्या, आतल्या फिती ओढून काढल्या आणि वाडीत पालेभाजीच्या वाफ्यांवर काठ्यांना ताणून बांधल्या. वाऱ्यावर त्या चमकतात, फुरफुरतात, पाखरं जवळ येत नाहीत. आमच्याकडे वाडीवाले बरेच जण बांधायचे. फक्त बाकीच्यांनी सिनेमाची गाणी बांधली होती.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, चांदीपला दिलेली. त्यांचा एक कान केव्हाच गेला होता आणि आता दुसऱ्याच्या आत गाठ निघाली होती. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या स्वतःच ओरडून बोलायच्या.

"उद्या मला अ‍ॅडमिट करतायत. जाताना तुझ्याकडे उतरते. आईला ऐकवशील?"

मी म्हटलं, ऐकवते की वन्सं, त्यात काय.

"डॉक्टर बोलले, गाठ काढल्यावर ऐकायला येईल न येईल. मग शेवटचा तिचा आवाज असू दे कानात."

फोन ठेवला आणि म्हटलं, आधी आपण लावून बघू. झाकणं काढली, कॉम्प्युटर चालू केला, तो नेहमीप्रमाणे चहा होईपर्यंत विचार करत बसला. गाणं लावलं. सासूबाईंचा सूर चढला की जमिनीवरून पत्रा ओढत न्यावा तसा आवाज. उतरला की डब्यात वाटाणे हलवावेत तसा. मधे कुठेतरी, त्या घरघरीच्या तळाशी, सासूबाई.

आता माझी तेव्हाची अक्कल बघा. आवाज नीट येत नाही ना, मग वाढवा. स्क्रीनवरचा पूर्ण वाढवला, गाण्याच्या खिडकीतला पूर्ण वाढवला, स्पीकरचं बटणही शेवटपर्यंत फिरवलं. सासूबाई अशा काही गर्जल्या की पडवीतलं मांजर उडी मारून पळालं. मग सगळ्या वायरी उपटल्या, पदराने पुसल्या आणि परत खोचल्या. हिरवी पिन गुलाबी भोकात गेली, म्हणून आवाज साफ बंद झाला. मी फरशीवर बसकण मारली. मघाशी घरघरत का होईना, होत्या तरी. ती पिन चुकलीय हे कळेपर्यंत माझे त्या डब्यावर हात ठेवून सगळे देव बोलावून झाले होते.

मुलाला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, डबा घेऊन या, परवा बघतो. परवापर्यंत वन्सं ऑपरेशनच्या टेबलावर गेलेल्या असणार.

मग मी वाडीत गेले आणि त्या फिती उतरवायला लागले. काय करणार होते त्यांचं, मलाही ठाऊक नव्हतं. पावसाने आणि उन्हाने फितींवरची तपकिरी पूड सुटली होती, ती बोटांना लागत होती. सासूबाईंची गाणी माझ्या बोटांना लागली होती आणि मी हात पुसायला धजत नव्हते. वाफ्यातच उभी राहून रडले. दुसऱ्या कुणाला ती गाणी पुरती येत नव्हती. मलाही नाही. सून म्हणून मी जन्मभर त्यांच्या मागे उभी राहून नुसते ओठ हलवले होते.

दिवेलागणीला मुलाचा फोन आला. मी सुरुवातच केली की आजी खराब झाली. तो म्हणाला, आधी सगळीकडचा आवाज अर्ध्यावर आण. आणला. पत्रा जरा कमी झाला, वाटाणे तसेच. मग त्याने मला स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर कुठे कुठे नेलं, आवाज भारी करण्याच्या सोयींपुढच्या सगळ्या टिकच्या खुणा काढायला लावल्या. वाटाणे तसेच. मग त्याने विचारलं, दुसरं काही लावून बघितलंस का? नव्हतं बघितलं. एवढा दिवस रडण्यात गेला, पण गणपतीची आरती लावून बघायचं सुचलं नाही. लावली. गणपतीही घरघरला.

"मग आजी ठीक आहे," मुलगा म्हणाला. "आता मोबाइलचे इअरफोन हिरव्या भोकात लाव."

लावले. आणि कानात सासूबाई. स्वच्छ. मधे खोकल्या, तेही स्वच्छ. पण वन्संना इअरफोन चालणार नव्हते, कानात काहीही घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाणी मोबाइलवर उतरवून घेता येतात हे मला माहीत नव्हतं, आणि माझा मुलगा बिचारा माझ्यावरच गेलेला, त्यालाही त्या घाईत सुचलं नाही.

"स्पीकरला काही केलंस का?"

"काही नाही."

"आई."

"दसऱ्यात पूजा केली."

"कुठे केलीस?"

सांगावं लागलं. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळा, पंप, शिवणयंत्र सगळं पूजेला मांडतात, त्यात मी कॉम्प्युटरही मांडला. पुढची काळी जाळी कळकट दिसली म्हणून काढून धुवायला टाकली. आत मधोमध एक गोल फुगीर टेकाड निघालं, अगदी कपाळासारखं. मग मी त्यावर ओलं कुंकू लावलं. दोन्ही स्पीकरना, सवाष्णीला लावतात तसं, दाबून. वर अक्षता वाहिल्या आणि जाळी परत बसवली.



"आई, तो कागद असतो," तो म्हणाला.

एका स्पीकरचा कागद कुंकवाखाली फाटला होता. तो काढून ठेवला. दुसऱ्याला नुसता पोचा आला होता. जाळी काढून तो उपडा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तान्ह्या मुलाला ढेकर काढायला मारतात तशा. अक्षता पडल्या. दोन-चार कडेच्या फटीत रुतल्या होत्या, त्या क्रोशाच्या सुईने एकेक काढल्या. गाणं लावलं. वाटाणे गेले. किंचित खरखर राहिली, तेवढी सासूबाईंच्या घशातही होती.

सकाळी वन्सं रिक्षातून उतरल्या. ऐकू येणारा कान स्पीकरकडे करून बसल्या, चहाला हात लावला नाही. मुलगी सासरी निघते ते गाणं त्यांनी दोनदा ऐकलं. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तशा उठल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि गेल्या.

गाठ निघाली. त्यासोबत कानही गेला.

महिना-दीड महिन्याने त्या पुन्हा आल्या. मी पाटीवर लिहून विचारलं, जेवणार का. त्यांनी पाटी बाजूला सारली आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मला काय करावं कळेना. पण लावलं. त्यांनी खुर्ची ओढली, स्पीकरची जाळी काढली आणि त्या कागदावर तळहात अलगद टेकवला.

"वाढव," म्हणाल्या.

मी वाढवलं. घरघर सुरू झाली. शेजारीण कुंपणाशी येऊन बघून गेली. वन्सं डोळे मिटून मान हलवत होत्या. हळद संपली, मांडव संपला, आणि टेप चालूच राहिल्यामुळे भरलं गेलेलं सासूबाईंचं बोलणं लागलं. पोळ्या जाड केल्या म्हणून त्या मला झापतायत, माझ्या माहेरासकट. मी हळूच आवाज कमी केला.

वन्संनी एक डोळा उघडला.

"कमी का केलास? तुला बोलतेय वाटतं?"

मी मान डोलावली.

"मग वाढव," त्या म्हणाल्या, आणि दुसराही हात टेकवला.