अक्काच्या फोटोतलं बाकडं

मला जायचं होतं ते एका बाकड्यावर बसायला. बाकीचं अ‍ॅमस्टरडॅम बघितलं ते वाटेत लागलं म्हणून.

ते बाकडं आमच्या बैठकीत कैक वर्षं भिंतीवर होतं. थोरल्या जावेच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या फोटोत. स्वेटर घालून, डोक्यावरून पदर घेऊन अक्का बाकड्यावर बसलेली. मागं पाण्यानं तुडुंब कालवा, त्यावर विटांचा पूल आणि पलीकडं लाल झडपांच्या खिडक्यांचं उंच घर. पाटोद्याहून, चौसाळ्याहून कुणी पाहुणा आला की त्याची नजर आधी त्या फोटोवर जायची आणि अक्का तोंड भरून सुरू व्हायची. "तिकडं घरं पुढं वाकलेली आस्तात बरं का! तिकडं लोक होडीत संसार मांडतेत." मी आत चहा गाळत असायचे आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

का होऊ नये? ती जागा माझी होती.

आमच्या गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा अक्का अध्यक्ष झाली, कारण थोरले दीर तालुक्यातले पुढारी. मी धाकटी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पहाटे शाळेच्या आधी दूध मोजायचं, फॅट लावायचं, सगळे ठराव लिहायचे, ते मी. मग तो दुष्काळ आला. दसऱ्याआधीच अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलं, जनावरं छावणीला गेली, दुधाचे कॅन पालथे पडले. नेमका त्याच साली सहकारातल्या पुढाऱ्यांचा हॉलंडला अभ्यासदौरा निघाला. दौऱ्यात एक महिला पाहिजे, असा वरून निरोप. मी भूगोल शिकवत होते, मेला हॉलंडचा नकाशा मला झोपेतही काढता यायचा. मनातल्या मनात मी बॅगसुद्धा भरली होती. पण दिरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "अध्यक्षच जाईल, आनखी कोन जाईल?"

अक्काची बॅग मात्र मीच भरली. दळणही मीच आणलं. बाजरीचं पीठ, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, तवासुद्धा. मी म्हटलं, "अक्का, एवढं पीठ कशाला? तुमी फिरायला चाल्लात का लग्नाला?" तर म्हणाली, "तिकडलं जेवन सोसत न्हाई म्हनं." मला वाटलं, काय हा तोरा! जळ्ळं मेलं ते पीठ, मी दात-ओठ खात ते चार पिशव्यांत बांधून दिलं.

तेव्हापासून एकच ध्यास. त्या बाकड्यावर आपण बसायचं, कुणाच्या दौऱ्यातनं नाही, आपलं आपण, आणि तिथनं अक्काला फोन लावायचा. एकदा तरी तिच्या पोटात दुखलं पाहिजे. निवृत्त झाल्यावर मी पासपोर्ट काढला. आमचे मालक म्हणाले, "येड लागलंय का? कावून जायचं एकटीनं?" मी म्हटलं, "आहे एक काम." बाकड्याचं सांगितलं असतं तर त्यांनी मला थेट दवाखान्यात नेलं असतं.

सगळ्यात स्वस्त विमान, दोन ठिकाणी बदललेलं, आणि सगळ्यात स्वस्त मुक्काम. दुमजली खाटा, वरच्या खाटेवर निळ्या केसांची पोरगी, खाली मी. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच. पहिल्या संध्याकाळी मी तिथला नळ सोडला आणि बघतच राहिले. काय धार! करंगळीएवढी नाही, मनगटाएवढी. मला राहवेना. आत्ता आहे, सकाळी असेल नसेल. मी तिथली होती नव्हती तेवढी पातेली भरली, कढया भरल्या, किटली भरली, काचेचे मोठे वाडगे भरले, सगळ्यांवर ताटल्या झाकल्या आणि समाधानानं झोपले.

सकाळी हा गोंधळ! पोरांना अंडी उकडायला भांडं नाही, कॉफीला किटली नाही. सगळी झाकणं उघडून बघतायत आणि एकमेकांची तोंडं बघतायत. कामाला असलेली बाई धावत आली आणि मला विचारते, "पाणी जाणार आहे का? आम्हाला कसं कळवलं नाही?" मी काय सांगू कपाळ! आमच्याकडं नळ आला की आधी भरतात, मग विचार करतात, हे इंग्रजीत सांगता येईना. शेवटी माझ्या हातानं भरलेलं पाणी माझ्याच हातानं मोरीत ओतावं लागलं. जीव तुटत होता. ती बाई मला धीर द्यायला म्हणाली, "घाबरू नका, आमचं गाव समुद्रापेक्षा खाली आहे. आम्हाला उलटं पाणी बाहेर फेकायला रात्रंदिवस पंप चालवावे लागतात."

फेकायला! पाणी फेकायला पंप! आमच्याकडं बोअर मारून मारून रानाची चाळण झाली, टँकरमागं बायका घागर घेऊन पळाल्या, आणि ह्यांना पाण्याचा वैताग. त्या दिवशी मी अक्काला सोडून त्या आख्ख्या शहरावर जळत फिरले.

आणि शहर तरी किती छळावं! जिकडं वळावं तिकडं कालवा. प्रत्येक कालव्यावर पूल, प्रत्येक पूल विटांचा. मोबाइलमध्ये भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून आणला होता, तो समोर धरायचे, हेच असेल वाटायचं, आणि खिडक्या जुळायच्या नाहीत. घरं खरंच पुढं वाकलेली. अक्का खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पावसाची भुरभुर चालू होती आणि त्या भुरभुरीत एक म्हातारी होडीतल्या कुंड्यांना झारीनं पाणी घालत होती. पाऊस पडत असताना! मी काठावर उभी राहून मराठीतनं तिला चांगलं सुनावलं. तिनं हसून हात हलवला.

चुकीच्या ट्राममध्ये बसले, पलीकडच्या टोकाला जाऊन परत आले. दुकानातला सगळ्यात स्वस्त पाव आणि चीज घेऊन देवळासारख्या एका इमारतीच्या पायरीवर बसून खाल्लं. सायकलवाल्यांनी दोनदा घंटी वाजवून मला बाजूला केलं. कुणी ओळखीचं नाही, कुणी 'कुठं चालल्या बाई' विचारत नाही. खरं सांगते, मजा येत होती, पण ती मजा मी अक्काला दाखवायला साठवून ठेवत होते.

बाकडं सापडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. लाल झडपा आता हिरव्या झाल्या होत्या, पण पूल तोच आणि घराच्या कपाळावरचा, सामान वर ओढायचा लोखंडी आकडाही तोच. बाकड्याच्या समोर, रस्ता ओलांडला की, भलंमोठं हॉटेल. दारात बस थांबली होती. मला जरा नवलच वाटलं. एवढं शहर फिरून आली बाई आणि फोटो काढला हॉटेलच्या दारात?

जाऊ दे. मी पदर नीट केला, बाकड्यावर बसले आणि व्हिडिओ फोन लावला.

अक्का आता थकली आहे. गुडघे गेले, थोरले दीर गेले, संस्थेचं कुलूप गंजलं. बैठकीत, त्याच फोटोखाली कॉटवर बसलेली दिसली. मी नुसता मोबाइल फिरवला. कालवा, पूल, घर. "ओळखलं का अक्का?"

तिनं चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "आगं बया. एकटीच गेलीस?"

"एकटीच."

"मग सैपाक कुनाचा करायलीस?"

मला प्रश्नच कळेना. म्हटलं, "कुणाचा म्हणजे? पाव खाते, फिरते."

"तसं न्हाई." अक्कानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "आमच्या टायमाला त्या पुढाऱ्यांना कुनालाच तिकडलं जेवन उतरत नव्हतं. म्हनून तर मला नेलतं. सकाळी बस जायाची. मी खोलीत शेगडीवर भाकरी थापायचे, पिठलं करायचे. संध्याकाळी समदे खोलीत जेवायला बसायचे अन् काय काय बघितलं ते सांगायचे. तेच मी घरी सांगितलं."

"आणि हा फोटो?"

"निघायच्या दिवशी. बसमधी सामान चढवत व्हते, तवा त्येंच्यातलेच येक पुढारी म्हनले, बस तिथं, येक फोटो काढू."

ते पीठ मी दळून आणलं होतं. म्हटलं, "अक्का, इतकी वर्षं तुमी सांगितलं का न्हाई?"

"तू जळायचीस ना माझ्यावर," अक्का म्हणाली. "चहा गाळताना तुजं तोंड मला दिसायचं. तेवढंच तर आनलं व्हतं तिकडनं मी. ते बी देऊन टाकू व्हय?" आणि हसली. मग हसता हसता तिचा आवाज बदलला. "पर आज माझ्या अंगाची आग आग व्हायलीय बघ, तुला तिथं बसलेलं बघून. लई जळायले मी."

हेच ऐकायला मी आले होते. पेन्शन घालून, दोन विमानं बदलून. ऐकलं, पण गोड लागेना. फोन ठेवून द्यावा वाटलं, पण ठेववेना.

अक्का मोबाइलजवळ सरकली. तिचा नुसता एक डोळा दिसत होता.

"ए, त्या पुलाच्या पलीकडं काय हाय गं? खोलीच्या खिडकीतनं मला पुलापतुरच दिसायचं."

मी उठले. मोबाइल उलटा करून समोर धरला आणि पुलाकडं निघाले.

"हळू चाल बाई," अक्का म्हणाली. "बघू दे मला."