सुनेपुढं सोडलेली गाठ

"धोतर खाली कर. टाके दाखव."

भर रांगेत म्हणला तो, दवाखान्याच्या खिडकीतला माणूस. माझ्या मागं माझी सून उभी होती.

मागच्या साली अकोल्याले माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, मजुराच्या कार्डावर. तिथं एक सुई टोचली अन् श्वासच कोंडला. कसाबसा वाचलो. डॉक्टर म्हणले, "बाबा, हे औषध तुम्हाले पुन्हा चालत नाही. कम्प्युटरात टाकून ठेवलं." मी बिनघोर झालो. सरकारचा कम्प्युटर, सगळीकडं एकच असेल असं वाटलं. औषधाचं नाव इचारलं नाही. अडाणी दिसलो असतो ना.

यंदा दुखणं उलटलं. हा दवाखाना दुसरा, कार्डही दुसरं. खिडकीतला माणूस आधी 'तुम्ही' म्हणे. आडनाव वाचलं अन् 'तू' झाला.

"तुझं ऑपरेशन इथं दिसत नाही."

"अकोल्याच्या कम्प्युटरात हाय ना, साहेब."

"ती योजना वेगळी. तिकडचं इकडं येत नाही. दाखव."

"आतमंदी दाखवतो."

"लाजतं काऊन बे म्हाताऱ्या? कोण पाह्यते तुले?"

रांग हसली.

ज्या सुनेनं माझ्यापुढं डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिच्यापुढं मी गाठ सोडली. तिनं भिंतीकडं तोंड केलं. माझा हात कोणी धरून ओढला नव्हता. साहेबानं म्हणलं, अन् हात आपोआप गाठीवर गेला. सारी जिनगानी असाच जात आला. लाज त्याची जास्त.

आत नर्स सुई भरून आली.

"कोणती हाय, बाई?"

"सांगून समजणार हाय का तुले? हात दे."

मी हात मांडीखाली दाबला. "एका औषधानं मी मरता मरता वाचलो. नाव मले ठाव नाही. अकोल्याले फोन लावा."

"तेवढाच धंदा हाय का आम्हाले?"

पडद्याआडून सून बोलली. "मामाजी, हात देऊ नका." परक्यांपुढं तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मी हात दिला नाही. शेवटी नर्सनं अकोल्याले फोन लावला. तिकडचं ऐकत राह्यली, भरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात टाकली, दुसरी आणली. मले एक अक्षर सांगतलं नाही.

सून अजून माझ्याकडं पाहत नाही. मीही तिच्याकडं पाहू शकत नाही.

पुढच्या महिन्यात परत त्याच खिडकीवर जायचं हाय. कार्डं त्यांनी दोन केली. एकाचं दुसऱ्याले कळवायचं काम त्यांचं. ते होईस्तोर मी तिथून हटणार नाही. रांग हसो, नाही तर बोंबलो.

गाठ सुटणार नाही.